कोपरापर्यंत हात

आमच्या घराचं दार सूर्य बुडायच्या आत लागायचं आणि चांगलं फटफटल्याशिवाय उघडायचं नाही. हा बाबांचा नियम होता आणि त्यात वाघाशिवाय कोणाचाही दोष नव्हता. उन्हाळ्यात जंगलातले नाले आटले की आमच्या बोडीत तेवढं पाणी उरायचं, मग ज्याला तहान लागेल तो तिथं येणारच. बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी मिळावं म्हणून मातीची पाळ घालून अडवलेलं लहानसं तळं. आमच्या झाडीपट्टीत थोडीफार शेती असलेल्या पुष्कळांकडे ते असतं. सकाळी तिच्या काठच्या चिखलात चितळांचे खूर दिसायचे, डुकरांनी उकरलेलं दिसायचं, आणि एखाद्या दिवशी तो ताटलीएवढा पंजाही उमटलेला असायचा. माय त्याच्याकडे बघून "येऊन गेला पावना" म्हणायची आणि शेजारीच भांडी घासायला बसायची.

जंगलाजवळ राहणारी माणसं मोकळी असतात असं शहरातल्यांना वाटतं. माझ्या नागपूरच्या मैत्रिणी अजूनही म्हणतात, काय मजा असेल ना तुमची लहानपणी! मजा कसली डोंबलाची. दिवस मावळताना दाराला आडणा, म्हणजे आतून आडवा दांडा, लागला की दोन खोल्यांत आम्ही तिघं, असली तर वीज, आणि बाहेरचे आवाज. टिटवी ओरडायची. लांब कुठंतरी सांबर खोकल्यासारखं करायचं, की बाबा बोलता बोलता थांबायचे आणि कान द्यायचे. गोंडपिपरीच्या रस्त्यावरून चंद्रपूरला जाणारी शेवटची एसटी त्याच सुमारास जायची. वळणावर गुरं बसलेली असत म्हणून ड्रायव्हर भोंगा वाजवायचा. तो गुरांसाठी असतो हे मला ठाऊक होतं, तरी रोज वाटायचं की मला बोलावतोय आणि मी आडण्याच्या आत बसले आहे. भोंगा ऐकला की माझी चिडचिड व्हायची आणि ती सगळी भाकरीवर निघायची. माय म्हणायची, "पंचू, पीठ का गुन्हेगार हाये काय?"

पंचू म्हणजे पंचशीला. नाव बाबांनी ठेवलं होतं. बाबा म्हणजे भिंतीवरच्या दोन तसबिरींसमोर रोज सकाळी हात जोडून उभे राहणारे आणि त्यानंतर दिवसभर कोणापुढेही हात न जोडणारे गृहस्थ. धानाच्या पोत्यांनी भरलेली बैलबंडी एकदा त्यांच्या अंगावर उलटली आणि उजवा गुडघा कायमचा गेला. चिखलात उभं राहून रोवणी करणं संपलं. तेव्हा त्यांनी विचार केला, मासे तर पाण्यात आपोआप वाढतात, त्यांच्या मागे थोडंच फिरावं लागतं! बोडीत रोहू, कतला आणि मृगळ यांची बोटाएवढी पिल्लं सोडली, गावातलं घर बंद केलं आणि आम्हाला घेऊन शेतातल्या घरात राखणीला येऊन राहिले, कारण मासे वाढायला लागले की माणसांनाही त्यांचा वास येतो. फिरावं मात्र लागलंच. फक्त ते मला लागलं. मी नुकतीच बारावी झाले होते, आणि बाबांच्या उजव्या पायाच्या जागी घरात माझी नेमणूक झाली.

"मी तुले आडवत नाई," बाबा म्हणाले होते. "एक डाव मासे चांगले निघू दे, मंग जाय तू चंद्रपूरले. खुशाल जाय."

आडवत नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. पहिल्या साली पाऊस कमी झाला, बोडी अर्धीच भरली, मासे हाडकुळे निघाले. बाबांनी मान हलवली आणि मी दुसऱ्या सालाला लागले. माझ्या वर्गातल्या मुली कोणी चंद्रपूरला, कोणी गडचिरोलीला गेल्या. सुटीत आल्या की त्यांच्या बोलण्यात "आमच्या लॅबमध्ये" असे शब्द यायचे. मी त्यांना टेंभरं आणि चारं, म्हणजे तेंदूची आणि चारोळीची फळं, खायला द्यायची आणि माशांचा विषय निघू नये म्हणून धडपडायची.

मला चंद्रपूरला नेमकं कशासाठी जायचं होतं, हे त्या वेळी घरात कोणाला नीट सांगता आलं नसतं. आमच्या कॉलेजात एकच सूक्ष्मदर्शक होता आणि तो कपाटात असायचा. जीवशास्त्राच्या मॅडमनी एकदा तो बाहेर काढला आणि सांगितलं, प्रत्येकीनं आपापल्या गावचं पाणी बाटलीत आणावं. मी आमच्या बोडीचं नेलं. माझी पाळी आली तेव्हा मी एक डोळा मिटून खाली बघितलं, आणि ते थेंबभर पाणी सगळं हलत होतं. हिरवे गोळे फिरत होते, पारदर्शक काहीतरी शेपूट झटकत पळत होतं, आणि या सगळ्याच्या मागे धुळीसारखे बारीक ठिपके थरथरत होते. मॅडम म्हणाल्या, "ते ठिपके जिवाणू असतील. ते बघायला याहून चांगलं यंत्र लागतं. त्याचं वेगळं शिक्षण असतं." मागच्या मुलीनं मला ढकललं तरी मी उठेना. ज्या पाण्यात मी लहानपणी डुंबले, ज्यात मायनं माझी लंगोटं धुतली, त्यात एवढी वस्ती होती आणि तिचं मला काही माहीत नव्हतं, याचा मला चक्क राग आला होता. ते वेगळं शिक्षण चंद्रपूरला मिळत होतं.

बोडीवर माझं काम ठरलेलं होतं. फटफटलं की दार उघडायचं, डबा वाजवत पाळीवर जायचं म्हणजे पावना असेलच तर त्यानं निघून जावं. मग कोंडा आणि ढेप, म्हणजे तेलबियांची पेंड, भिजवून ठरलेल्या कोपऱ्यात टाकायची. माशांचं खरं खाणं मात्र पाणीच तयार करतं. मत्स्य विभागाच्या माणसानं शिकवलं होतं की अधूनमधून थोडं शेण टाका, त्यानं पाणी हिरवं होईल, आणि त्या हिरव्यावर मासे वाढतील. किती हिरवं, हे ओळखायची खूणही त्यानंच दिली होती. सकाळी ऊन आल्यावर पाण्यात हात सरळ कोपरापर्यंत घालायचा आणि तळवा बघायचा. तळवा स्वच्छ दिसला तर शेण हवं आहे. कोपर बुडेपर्यंत तळवा जेमतेम दिसेनासा झाला तर पाणी बरोबर. त्याच्या आधीच दिसेनासा झाला तर शेण बंद. बाबांना पाळीवरून वाकता येत नव्हतं, मायच्या मागे गुरं आणि चूल, म्हणून रोजचा हात माझा. पुढे विद्यापीठात मला दोरीला बांधलेली एक काळी-पांढरी थाळी दाखवण्यात आली. ती पाण्यात सोडून किती खोलवर दिसते हे मोजायचं. सर मोठ्या गंभीरपणे तिचं विदेशी नाव सांगत होते आणि मला हसू आवरेना. माझा तळवा दोन वर्षं तेच करत होता.

मासे कितपत वाढले हे बघायला मधूनमधून सदुभाऊ यायचे. ते गावातले ढिवर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यावर जगलेल्या घरातले. पाण्यात त्यांनी जाळं फेकलं की ते पूर्ण गोल होऊनच पडायचं. भला माणूस. मला स्वतःच्या लेकीसारखं वागवायचे. पण एकदा जाळ्यातला पाला वेचता वेचता, वर न बघता ते मायला म्हणाले, "पोट्टी रोजच पान्यात हात घालते काय, बाई? त्या चार दिवसांतबी?"

"आमच्यात नाई मानत ते, भाऊ," माय म्हणाली.

"तसं नाई. आमच्यात त्या दिवसांत बाईमानूस पाळीवर चढत नाई, म्हनून म्हटलं. पानी नाजूक रायते."

मायनं त्यांना चहाचं विचारलं आणि विषय तिथंच संपला. मला मायचा मोठा अभिमान वाटला. आम्ही बुद्धाची माणसं, आमच्या बापानं आणि आज्यानं कोणाच्या बाटण्याबाटवण्याला भीक घातली नाही, हे मी ऐकतच वाढले होते. त्या दिवशी मी मुद्दाम दुपारीसुद्धा एकदा जाऊन हात बुडवून आले.

दुसरा उन्हाळा आला. मासे चांगले भरत होते. बाबांनी ठरवलं, पावसाळा लागायच्या आत जाळं टाकायचं, आणि मी मनातल्या मनात पेटी भरायला घेतली. घरात पेज, लाखोळीचं वरण, अंबाडीत शिजवलेले वाळके झिंगे असं साधं जेवण असायचं. त्या वैशाखात मला ते सगळं अचानक गोड लागायला लागलं, सोडून जायचं ठरलेलं असलं की लागतं तसं. मायसुद्धा घाईत होती. संध्याकाळी पाळीवर उभी राहून ती पाण्याकडे बघायची आणि पुटपुटायची, "भरा रे बापा लवकर. पोरीले जाऊ द्या." मला गंमत वाटायची. एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. चुलीत एकाएकी लाकडंच लाकडं यायला लागली. घर धुरानं भरायचं, डोळे चुरचुरायचे. गोठ्याच्या भिंतीवर एरवी गोवऱ्या थापलेल्या असायच्या, ती भिंत रिकामी होती.

"गोवऱ्या काऊन नाई थापल्या, माय?"

"गुरं कमी खाऊन राह्यले उन्हाचे," माय म्हणाली. "तू आपलं काम पाय."

आपलं काम मी बघत होते. तळवा आता कोपर बुडायच्या पुष्कळ आधी, मनगटाच्या थोडं पुढे गेलं की नाहीसा व्हायचा. मी बाबांना सांगितलं. ते खाटेवरून खुशीत म्हणाले, "पिकलं म्हनायचं पानी!" खूण तर सांगत होती शेण बंद करा. पण शेण आम्ही बंद केलेलंच होतं, निदान बाबांना आणि मला तसं वाटत होतं. मग आणखी काय करायचं? उन्हानं पाणी कमी झालं आहे म्हणून हिरवं दाट दिसतं, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. हात बाहेर काढला की त्यावरच्या केसांना हिरवट साय चिकटलेली असायची. मी ती पदराला पुसायची आणि त्या ठिपक्यांची आठवण काढायची.

मग अवकाळी आभाळ आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं आभाळ. आमच्याकडच्या वैशाखात ऊन माणसाला मारतं, पण ते आभाळ त्याहून वाईट होतं. झाडाचं पान हलेना. कोंबड्या चोच उघडी टाकून सावलीत बसायच्या. दिवसामागून दिवस तसंच. रात्री बंद दाराच्या आत श्वास कोंडायचा आणि मी बाबांच्या मिनतवाऱ्या करायची की खिडकी तरी उघडू द्या. ते नाही म्हणायचे. त्याच आठवड्यात ताजा पंजा दिसला होता. मी भिंतीला पाठ लावून बसायची आणि मला वाटायचं, हे घर मला गिळून टाकणार. चंद्रपूर बिंद्रपूर काही नाही.

एका पहाटे जाग आली ती आवाजानं. बोडीच्या बाजूनं चप् चप् चप् असा आवाज येत होता, न थांबणारा, सगळीकडून. आधी वाटलं पाऊस. मग वाटलं चितळांचा मोठा कळप पाणी पितोय. पण पाणी पिणारं जनावर मध्ये थांबतं, दचकतं, कान टवकारतं. हा आवाज थांबतच नव्हता. मी आडण्याला हात घातला तशी बाबांनी खाटेवरून आवाज दिला, "उजेड पडू दे!"

"बाबा, काहीतरी झालं पान्यात."

"उजेड पडू दे म्हनतो ना मी."

तो उजेड पडायला जितका वेळ लागला तितका माझ्या आयुष्यात कशालाच लागला नाही. मी फटीला डोळा लावून उभी होते. माय माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता. पुढे प्रयोगशाळेत मी आयुष्यभर हे शिकवलं की पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो नेमका उजाडण्याच्या आधी. हिरवं पाणी म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. ते दिवसा उन्हात हा वायू तयार करतं आणि अंधार पडला की स्वतःच वापरायला लागतं. शेणावर जगणारे जिवाणू तर दिवस बघत नाहीत आणि रात्रही बघत नाहीत. खायला मिळालं की एकाचे दोन, दोनाचे चार होतात आणि सतत वायू ओढत राहतात. ऊन असलं की दिवसाची कमाई रात्रीला पुरते. आभाळ असलं की कमाई बंद आणि खाणारी तोंडं मात्र वाढलेली. हे मी किती सहज फळ्यावर लिहायची! त्या पहाटे मला यातलं काही ठाऊक नव्हतं. फक्त माझ्यासारखंच कोणीतरी आत अडकलं आहे आणि बाहेर यायला बघत आहे, एवढं कळत होतं.

दार उघडलं. सगळी बोडी तोंडांनी भरली होती. हजारो तोंडं पाण्याच्या वर, उघडझाप करत, हवा पीत होती. मोठे कतले तर कुशीवर कलंडायला लागले होते. मी जवळ गेले तरी एकही मासा पळाला नाही. बाबा काठी टेकत आले आणि ओरडले, "भुकेले हायेत! कोंडा आन, कोंडा!"

मी घमेलं उचललंही. तेवढ्यात पाळीखालच्या वाटेवरून सदुभाऊंचा आवाज आला, "काही टाकू नका! काही म्हंजे काही टाकू नका, भाऊ!" तेंदूपत्त्याचे दिवस होते. फटफटलं की अख्खं गाव डोक्याला फडकी बांधून पानं तोडायला जंगलात निघायचं, आणि त्यांची वाट आमच्या पाळीखालून होती. सदुभाऊ वर चढले, एकदा पाण्याकडे बघितलं आणि खाली वळून म्हणाले, "उतरा रे सारे. पानी हालवा."

सकाळची पानं गेली की त्या दिवसाची मजुरी गेली, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी ते उतरले. बाया लुगडी खोचून उतरल्या, पुरुष उतरले, पोरं तर आधीच आत होती. कोणी हातांनी, कोणी पळसाच्या फांद्यांनी, कोणी टोपल्यांनी पाणी उचलून आपटत होतं. पाण्यात वरची हवा मिसळायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. मीही कमरेपर्यंत पाण्यात जाऊन दोन्ही हातांनी पाणी झोडपत होते. एक म्हातारा सारखा म्हणत होता, "मारा, मारा, पान्याले मारा!" कोणीतरी हसायला लागलं, मग सगळेच हसायला लागले, आणि मीही रडत रडत हसले. बाबा मात्र काठावर काठी धरून उभे होते. त्यांना उतरता येत नव्हतं.

माय गोठ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात पाणी आपटत होती. मी तिच्याकडे सरकले तसा माझा पाय कशात तरी रुतला. चिखल नव्हे. चिखल कसा लागतो हे माझ्या पायांना पाठ होतं. हे मऊ, दोरेदार होतं आणि पोटरीपर्यंत होतं. मी पाय ओढून काढला तसे वर बुडबुडे आले आणि शेणाचा वास सुटला. टोपल्याच्या टोपल्या, कित्येक दिवसांचं शेण तिथं पडलं होतं. मी मायकडे बघितलं. मायनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं तोंड फिरवलं आणि आणखी जोरानं पाणी झोडपायला लागली. गोवऱ्यांची रिकामी भिंत मला त्या क्षणी दिसली, आणि "भरा रे बापा लवकर" हेही आठवलं. माशांना लवकर वाढवून मला लवकर पाठवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ऊन फुटलं तेव्हा लहान मासे खाली गेले. मोठे बहुतेक मेले. कतले सगळ्यांत आधी गेले. मरळी तेवढ्या मजेत होत्या, त्या जातीला वरची हवा घेता येते. दिवसभर आम्ही मेलेले मासे चिरत होतो, मीठ चोळत होतो, चटयांवर आणि छपरावर वाळत घालत होतो. वर घारी फिरत होत्या. गावातल्या प्रत्येक घरी मायनं ताजे मासे पाठवले. संध्याकाळी सदुभाऊ ओट्यावर बसले. थकून त्यांचा आवाज बसला होता.

"भाऊ, वाईट मानू नका," ते बाबांना म्हणाले. "पोट्टीले पान्यापासून दूर ठेवा. पानी बाटलं की असंच होते. मी बाईले एकदा बोललो होतो."

बाबांनी काठी जमिनीवर आपटली. "सदुभाऊ, आज तुमचे उपकार झाले माह्यावर. पन हे बोलनं माह्या घरात नोको. बाटलंबिटलं आम्ही नाई मानत."

माय मासा चिरत होती. तिची विळी थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली. मला वाटलं, ती आता शेणाचं सांगेल. तिनं सांगितलं नाही. सदुभाऊ गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले, "रोज तुहा हात पान्यात. तुले समजलं कसं नाई?" आणि मग, मला जे ऐकायचं नव्हतं ते म्हणाले, "आता पुढच्या सालाले पाहू."

एका वाक्यात सुटता आलं असतं, पण त्या वाक्यात माय अडकली असती. मला बाबांचा राग आला, मायचा आला, आणि त्या चटईवरच्या माशांचा सगळ्यांत जास्त आला, की यांना माझ्याच वर्षी मरायचं होतं काय! बाहेर अंधार पडत होता. आडणा लागला. भोंगा वाजला. मी कानावर हात ठेवले.

सकाळी भांडणाच्या आवाजानं उठले. माझ्या आयुष्यात मी मायला बाबांशी भांडताना तेवढ्या एकाच दिवशी ऐकलं.

"तिले जाऊ द्या," माय म्हणत होती. "दार मी उघडीन. कोंडा मी टाकीन. पानी मी पाहीन."

"तुह्यानं होते काय सारं?"

"नाई झालं तर नाई होईन. मासे पुढच्या साली येतील. तिचं साल येईन काय वापस?"

बाबा काठी घेऊन बाहेर पडले. मी दारात उभी राहून बघितलं. ते पाळीवर गेले, काठी बाजूला ठेवली, दुखरा पाय सरळ पसरून कसेबसे पोटावर पालथे झाले, आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. बराच वेळ तसेच होते. मग मान न वळवता ओरडले, "तळवा दिसून नाई राह्यला अजून! शेन टाकू नका कोनी!" मागे माय उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. बाबांना शेणाचं कळलं होतं की नाही, हे मला आजवर ठाऊक नाही.

मी चंद्रपूरला गेले ती वाळक्या कतल्यांचं पोतं घेऊन. होस्टेलच्या खोलीला वर्षभर वास येत होता. खोलीतल्या मुली आधी नाक धरायच्या, नंतर मागून खायच्या. पुढचं सगळं, म्हणजे शिक्षण, नोकरी, तळ्यांचं पाणी तपासण्यात गेलेली वर्षं, हे दुसरीकडे लिहिलं आहे. बाबा गेल्यावर मायला मी चंद्रपूरला माझ्याकडे आणलं. आमच्या फ्लॅटचं दार संध्याकाळी उघडं राहिलं की ती अजून अस्वस्थ होते.

मागच्या पावसाळ्यात ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी पेपर वाचत होते. ती म्हणाली, "पंचू, एक इचारू? ते मासे कायनं मेले होते?"

इतक्या वर्षांत हा विषय आमच्यात निघाला नव्हता. मी पेपर खाली केला नाही. "आभाळ आलं होतं ना माय. वारा पडला होता."

"तेवढ्यानं?"

"तेवढ्यानं."

तिनं सूप खाली ठेवलं. "लोकायले पानी तपासून सांगत होती तू. आन मायले आभाळ दाखवते?"

मग मी सांगितलं. शेवाळाचं सांगितलं, त्या ठिपक्यांचं सांगितलं. ते काय खातात, कसे वाढतात, पाण्यातली हवा कशी संपवतात, सगळं तिला कळेल असं. ती मन लावून ऐकत होती.

"म्हंजे शेनानं."

"हो."

"मी टाकलं, त्या शेनानं."

"हो, माय."

मला वाटलं आता ती रडेल. मी उठून जवळ बसले. तिनं माझा उजवा हात ओढून घेतला, बाही वर सारली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत अंगठ्यानं चोळत राहिली, लहानपणी न्हाऊ घालताना चोळायची तशी.

"म्हंजे तुह्या हातानं नाई," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. "माय, आपण तर ते बाटणंबिटणं मानत नव्हतो!"

"तुहे बाबा नव्हते मानत. तू नव्हती मानत." ती हात चोळतच होती. "मीबी सारं आयुष्य नाई म्हनत आली. पन मनाचा काय भरोसा, बाई."

मग तिनं माझी बाही नीट खाली केली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "माह्याच हातानं मेले."